किलोमीटर थोडे, झीज फार!

वेगवान, महागड्या गाडीचं इंजिन वेगामुळे झिजतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते सर्वांत जास्त झिजतं सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत आणि घर ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांमध्ये. चालवणाऱ्याच्या सवयी आणि इंजिनचं आयुष्य यांचा हा हिशेब.

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं, की रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं त्रिभुवनम मागे पडतं आणि आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर येतं. मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. तंजावरच्या अमरसिंह भोसल्यांची गादी १७९८ साली गेली, त्यानंतर ते इथंच येऊन राहिले. गावाच्या मध्यभागी महालिंगस्वामींचं भव्य मंदिर आहे. श्रीशैलचा मल्लिकार्जुन आपल्याकडच्या भाविकांना ठाऊक असतो. त्याच नात्यानं इथल्या महादेवाला ‘मध्यार्जुन’ म्हणतात.

थै महिन्यात पूसमचा उत्सव असतो, तेव्हा इथल्या मंदिराचा रथ ओढला जातो. रथ ओढताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना एक गोष्ट आठवेल. सगळा जोर लागतो तो सुरुवातीला. शेकडो हात दोराला लागतात, जयघोष होतो, तरी अवाढव्य रथ जागचा हलत नाही. लाकूड करकरतं, आस कुरकुरतो. एकदा का चाकं फिरू लागली, की तोच रथ तुलनेनं सहज पुढे सरकतो.

मोटारगाडीच्या इंजिनचंही काहीसं असंच आहे. त्याला चालण्याचा त्रास कमी, चालू होण्याचा जास्त. आणि गाडी जितकी ताकदवान, तितकी ही गोष्ट अधिक खरी.

समजा, तिरुविडैमरुदूरला राहणाऱ्या एका व्यापाऱ्याचं कुंभकोणमला दुकान आहे. त्यानं हौसेनं एक दमदार टर्बो गाडी घेतली. सकाळी साडेआठ किलोमीटर जायचं, दिवसभर गाडी दुकानासमोर उभी करायची, संध्याकाळी परत यायचं. गर्दीच्या रस्त्यात वेग साठच्या वर जात नाही. त्याच्या भावाकडेही तशीच गाडी आहे. तो मात्र महिन्यातून एकदा चेन्नईला जातो, एका दिशेला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली पळवतो. पाच वर्षांनी कोणाच्या गाडीचं इंजिन जास्त ठणठणीत असेल?

दहापैकी नऊ जण पहिल्याचं नाव घेतील. ‘जपून वापरलीय ना त्यानं!’ पण इंजिन उघडून पाहिलं, तर उत्तर बहुधा उलट मिळेल.

एकाच माणसाच्या दोन गाड्या

‘हाय परफॉर्मन्स’ गाडी म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला सचिन तेंडुलकरच्या दोन गाड्या उपयोगी पडतात. त्याची पहिली गाडी होती मारुती ८००. पुढे २००२ मध्ये त्यानं सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हस्ते झालेला तो सोहळा आणि नंतर आयातशुल्कावरून उडालेली धूळ अनेकांना आठवत असेल.

या दोन गाड्यांची इंजिनं शेजारी ठेवून बघा. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद ३७ अश्वशक्ती. तीही मिनिटाला ५ हजार फेऱ्यांवर. फेरारीचं इंजिन ३,५८६ सीसीचं, आठ सिलिंडरचं, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर. म्हणजे एक लिटर आकारमानामागे मारुती ४६ अश्वशक्ती काढते, तर फेरारी ११० हून जास्त. एवढ्याच जागेतून अडीच पट काम!

हे काम कुठून येतं? मुख्यतः फेऱ्यांमधून. मारुतीचा पिस्टन ७२ मिलिमीटर वर-खाली होतो, फेरारीचा ७९. हिशेब केला तर पूर्ण ताकदीवर मारुतीच्या पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर भरते, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. फेरारीच्या पिस्टनची गती सेकंदाला २२ मीटरांच्या वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. आणि हा पिस्टन सरळ रेषेत पळत नाही. तो टोकाला जाऊन थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा थांबतो. सेकंदाला २८३ वेळा! शिवाय फेऱ्या दुप्पट झाल्या, की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो.

असं हे इंजिन टिकतं तरी कसं? उत्तर एका शब्दाचं आहे: तेल.

केसाहून पातळ गादी

चालू इंजिनमधला क्रँकशाफ्ट धातूवर टेकलेला नसतो. तो तेलाच्या थरावर तरंगत असतो. भर पावसात रस्त्यावर पाणी साचलेलं असताना गाडी वेगात नेली, तर टायर रस्त्यापासून सुटून पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागत नाहीत, हा अनुभव पुष्कळांना असेल. रस्त्यावर ही गोष्ट जिवावर बेतते, इंजिनमध्ये मात्र ती वरदान ठरते. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर मारतो आणि वर उचलला जातो. हा थर माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असतो, पण तो जोवर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. आणि धातूला धातू लागला नाही, तर झीज जवळजवळ होतच नाही.

गाडी रात्रभर उभी राहिली की बहुतेक तेल निथळून खालच्या भांड्यात जमा होतं. शाफ्ट खाली टेकतो. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंप तेल वर चढवेपर्यंत एक-दोन सेकंद जातात. तेवढा वेळ मागे चिकटून राहिलेल्या तेलावर आणि त्यातल्या झीजरोधक रसायनांवर सगळी भिस्त असते.

इथपर्यंत कोणाचाच इलाज नाही. खरा घोळ होतो तो पुढे. ‘आपल्याकडे थंडी आहेच कुठे?’ असं म्हणून लोक लगेच ॲक्सिलरेटर दाबतात. कुंभकोणमला जानेवारीतही पहाटे कुडकुडायला होत नाही, मग इंजिन थंड कसं? पण आपली थंडी वेगळी आणि इंजिनची वेगळी. इंजिनमधलं तेल ९० ते १०० अंशांवर काम करण्यासाठी बनवलेलं असतं. त्याच्या दृष्टीनं ३० अंशांची सकाळही थंडच! नेहमीच्या ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा ३० अंशांवर, १०० अंशांवर असतो त्याच्या साधारण आठ-दहा पट असतो. तेल काकवीसारखं घट्ट. बारीक वाटांमधून ते हवं तितकं वाहत नाही.

दुसरीकडे धातूचीही तयारी झालेली नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. बीडापेक्षा तो तापल्यावर साधारण दुप्पट प्रसरण पावतो. गरम झाल्यावर तो सिलिंडरमध्ये बरोबर बसावा म्हणून थंडपणी मुद्दाम थोडा सैल ठेवतात. ताकदवान इंजिनातले घडीव पिस्टन तर आणखी सैल. म्हणूनच अशा काही गाड्या सकाळी टकटक आवाज करतात आणि थोड्या वेळानं गप्प होतात. त्या टकटकीच्या काळात इंजिनला रेस देणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला तसंच शर्यतीत उभं करणं.

गंमत अशी, की आकडेफलकावरचा तापमानाचा काटा इथं फसवतो. तो पाण्याचं तापमान दाखवतो, तेलाचं नव्हे. पाणी चार-पाच मिनिटांत तापतं. तेलाला साधारण त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. साध्या गाडीत तीन-चार लिटर तेल असतं. मोठ्या दमदार गाड्यांत आठ-दहा लिटर. ते तापायला आणखी वेळ.

साडेआठ किलोमीटरचा हिशेब

आता पुन्हा त्या दोघा भावांकडे येऊ. वर्षात तीनशे दिवस दुकान उघडं धरलं, तर थोरला दिवसाला दोनदा गाडी थंड अवस्थेत सुरू करतो. वर्षाला सहाशे थंड सुरुवाती, आणि किलोमीटर अवघे पाच हजार. धाकट्याच्या बारा फेऱ्यांचे सात हजार किलोमीटर होतात, पण थंड सुरुवाती पन्नासही भरत नाहीत. पहिल्याचं इंजिन प्रत्येक फेरीत तापता तापताच घर येतं. दुसऱ्याचं एकदा तापलं की तासन् तास नीट चालतं. किलोमीटर सांगणारं यंत्र मात्र पहिल्याची गाडी ‘नवी’ आहे असंच सांगत राहतं.

यात झीज ही एकच गोष्ट नाही. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातून वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतं, हे ऐकून आश्चर्य वाटेल. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरते. इंजिन गरम असेल तर ती पुन्हा उडून जाते. थंड असेल तर तिथंच पाणी होऊन बसते. त्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं, कारण थंड इंजिनला नेहमीपेक्षा जास्त इंधन द्यावं लागतं. हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली जाऊन तेल पातळ करतं. तेल भरण्याच्या झाकणाखाली कधी कधी दुधट, पिवळसर साय दिसते, ती या पाण्याची खूण.

यावर औषध सोपं आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यायची. कुंभकोणमच्या माणसानं चाळीस किलोमीटरवरच्या तंजावरला एक चक्कर मारली, तरी तेलातलं पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जाईल. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांनाही हाच नियम लागू. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठीही अशी लांब, गरम फेरी लागते. नाहीतर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च मागे लागतो.

टॅक्सीनं शिकवलेला धडा

ही गोष्ट केवळ तर्काची नाही. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं १९९६ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची तेलं घालून प्रत्येक टॅक्सी सुमारे ९६ हजार किलोमीटर चालवली. मग इंजिनं उघडून भागांची मापं घेतली. तेलांच्या किमतीत आणि जाहिरातींत मोठा फरक होता, पण झिजेत सांगण्याजोगा फरक सापडला नाही. तेल लवकर बदललेल्या आणि दुप्पट अंतरानं बदललेल्या टॅक्सींतही नाही.

याचा अर्थ तेलाला महत्त्व नाही असा नव्हे. टॅक्सी दिवसभर चालते. तिचं इंजिन क्वचितच थंड होतं. गर्दी, उकाडा, सतत थांबणं-निघणं हे सगळं तिच्या नशिबी असतं, पण थंड सुरुवात मात्र थोडी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचंही तसंच होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पाळीपाळीनं दोन चालकांच्या हाती फिरणाऱ्या त्या गाड्यांनी वर्षानुवर्षं शहर वाहिलं. घरच्या गाडीपेक्षा कितीतरी पट चालून! चालत राहणं हेही इंजिनचं एक औषधच.

शर्यतवाले काय करतात?

इंजिनकडून सर्वांत जास्त काम घेणारे लोक म्हणजे शर्यतीतले चालक. त्यांच्या सवयी पाहिल्या तर शिकण्याजोगं पुष्कळ आहे. तमिळनाडूत मोटार शर्यतींची जुनी परंपरा आहे. आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आणि नंतर श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै इथल्या ट्रॅकवर या शर्यती रंगत आल्या. कोइंबतूरचे करिवर्धन यांनी मारुती ८०० चं साधं इंजिन बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका माणसाची शर्यतीची गाडी तयार केली. ज्या इंजिननं हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना लोणावळा-महाबळेश्वर दाखवलं, त्याच इंजिनवर भारतातली एक पिढी शर्यत शिकली. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन त्यांतलाच. २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तिथं पोहोचलेला तो पहिला भारतीय.

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये एक नवा नियम होता: एका इंजिनवर सलग दोन शर्यती काढायच्या. मिनिटाला १८-१९ हजार फेऱ्या मारणाऱ्या इंजिनला हे आव्हानच होतं. त्यामुळे इंजिन जपणं हाही चालकाच्या कौशल्याचा भाग झाला. आता तर वर्षात वीसहून अधिक शर्यती असतात आणि इंजिनं बोटांवर मोजण्याइतकीच वापरायची मुभा असते.

या इंजिनांतल्या फटी इतक्या बारीक ठेवलेल्या असतात, की ती थंड असताना फिरवताच येत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी बाहेरून गरम पाणी आणि गरम तेल फिरवून इंजिन तापवतात. मगच स्टार्टर लागतो. शर्यत सुरू होण्याआधी गाड्या एक फेरी सावकाश मारतात आणि शर्यत संपल्यावरही एक फेरी शांतपणे घेऊनच परत येतात. जगातले सर्वांत वेगवान चालकही पहिली आणि शेवटची मिनिटं हळू घालवतात!

रस्त्यावरच्या गाड्या बनवणाऱ्यांनीही यातून धडा घेतला आहे. बीएमडब्ल्यूनं आपल्या ‘एम’ मालिकेतल्या गाड्यांत १९९८ च्या सुमारास फेऱ्यांच्या तबकडीभोवती छोटे दिवे बसवले. तेल थंड असताना हे दिवे कमी फेऱ्यांवरच ‘इथवरच’ असं बजावतात. तेल तापत जाईल तसे एकेक करून विझतात आणि पूर्ण ताकद मोकळी होते. ज्याच्या गाडीत असे दिवे नसतील, त्यानं ते मनात लावायचे, इतकंच.

घाटमाथ्यावरचा चहा

आता कोणी म्हणेल, फेरारी आणि फॉर्म्युला वनशी आपला काय संबंध? संबंध आहे, कारण जे तंत्र एकेकाळी श्रीमंतांच्या गाड्यांत होतं ते आता साध्या घरांच्या दारात आलं आहे. २०१८ मध्ये टाटा मोटर्सनं कोइंबतूरच्या जयेम कंपनीबरोबर टियागो आणि टिगोर या छोट्या गाड्यांच्या ‘जेटीपी’ आवृत्त्या काढल्या. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद ११४ अश्वशक्ती. त्या आता नव्या मिळत नाहीत, पण एक-दीड लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आली आहेत. लिटरमागची ताकद पाहिली, तर ती मारुती ८०० पेक्षा फेरारीच्या जवळची भरतात. म्हणून फेरारीला लागणारी शिस्त त्यांनाही लागते.

टर्बो म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या तप्त वायूंवर फिरणारा छोटा पंखा. तो जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. जोरात असताना त्याच्या फेऱ्या मिनिटाला दीड-दोन लाखांपर्यंत जातात, आणि पेट्रोल गाडीत त्याच्यावर येणारे वायू ९०० अंशांच्या पुढे तापलेले असू शकतात. त्याची दांडीही तेलाच्या थरावरच फिरते.

खंडाळ्याचा घाट आठवा. चढावर गाडी जोरात दामटली, वर येताच लोणावळ्याला चहा-वड्यासाठी गाडी वळवली आणि लगेच चावी काढली. इंजिन थांबलं, तेलाचा पंप थांबला, पण टर्बो मात्र धगधगत आहे. आत अडकलेलं तेल तिथंच जळून कोळशासारखी खरपुडी धरतं. असं वारंवार झालं, की दांडीचं तेल अडतं आणि टर्बो निकामी होतो. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत गाडी बंद केल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, त्यामुळे धोका कमी झाला आहे. तरीही शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यावं, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवावं. तेवढ्यात घरातली मंडळी उतरून पायही मोकळे करतील.

घाटातली दुसरी चूक याच्या उलट असते. मायलेज वाढावं म्हणून काही जण चढावरही गाडी पाचव्या गियरमध्ये ढकलत नेतात. इंजिन धडधडतं, गाडी हादरते, तरी गियर उतरवत नाहीत. फेऱ्या कमी आणि ओझं जास्त असलं, की तेलाची ती पातळ गादी दबते. टर्बो पेट्रोल इंजिनात तर अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच सिलिंडरमध्ये स्फोट होऊ शकतो, आणि त्याचा एखादा जोरदार फटका पिस्टन फोडायला पुरेसा असतो. २०२० पासून मिळणाऱ्या ‘एपीआय एसपी’ दर्जाच्या तेलात हा प्रकार रोखण्याची योजना केलेली असते. पण तेल कितीही चांगलं असलं, तरी गियर आपणच बदलायला हवा. तापलेलं इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांवर मोकळं गुणगुणत चढत असेल, तर त्याला काही होत नाही.

तिसरी चूक क्षणाची, पण सर्वांत महाग. वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गियर पडणं. ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या वाढवल्या तर गाडीतलं यंत्र त्यांना लगाम घालतं. चुकीच्या गियरमध्ये मात्र चाकंच इंजिनला फिरवतात, तिथं लगाम चालत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि एका सेकंदात इंजिनचं काम निघतं.

‘डॉक्टरांनी वापरलेली’ गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब, फारशी चाललेलीच नाही.’ घेणाराही खूश होतो. दमदार गाडीची हौस आहे, नवी परवडत नाही, मग सहा वर्षांत वीस हजार किलोमीटर झालेली गाडी म्हणजे पर्वणीच! साठवलेले पैसे काढून, कर्ज काढून गाडी घरी येते. आणि सहा महिन्यांत सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागतो, इंजिन तेल पिऊ लागतं.

डॉक्टरांचा यात दोष नाही. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दिवसातून चार वेळा, हा त्यांच्या कामाचाच भाग. पण इंजिनच्या दृष्टीनं ते फार कठोर जिणं होतं. अशी गाडी घेताना नुसत्या किलोमीटरवर जाऊ नये. रोजचा वापर किती अंतराचा होता, तेल दर वर्षी बदललं होतं का, हे विचारावं. कागद पाहावेत. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी जाऊन स्वतः सुरू करून बघावी. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आपले दोष सांगत नाही.

तेल बदलण्याबाबत बहुतेक जण दहा हजार किलोमीटरची वाट पाहतात. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मात्र आपण उघडून वाचत नाही. त्यात ‘अमुक किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. शिवाय बहुतेक पुस्तकांत ‘खडतर वापर’ असा एक वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, गर्दीत सतत थांबणं-निघणं, बराच वेळ इंजिन नुसतं चालू ठेवणं यांना तिथं खडतर वापर म्हटलेलं असतं, आणि तेल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. म्हणजे ज्याला आपण साधा वापर समजतो, त्यालाच गाडी बनवणारे खडतर म्हणतात!

एवढं पाळा

• गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग सावकाश निघा. दहा-दहा मिनिटं उभ्या उभ्या इंजिन तापवू नका. त्यानं ते हळू तापतं आणि पेट्रोल तेलात उतरतं.

• पहिली दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या साधारण अडीच-तीन हजारांच्या आत ठेवा. पाण्याच्या काट्यावर विसंबू नका.

• इंजिन पूर्ण तापल्यावर, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर त्याला थोडं मोकळं धावू द्या. इंजिन वेगाला घाबरत नाही. पण रस्त्याची वेगमर्यादा माणसांच्या जिवासाठी असते, हे विसरू नका.

• नवी गाडी पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत एकाच वेगानं तासन् तास नेऊ नका आणि पूर्ण जोरही लावू नका.

• छोट्या कामांसाठी गाडी पुन्हा पुन्हा काढण्याऐवजी दोन-तीन कामं एका फेरीत करा. आठवड्यातून एकदा लांबची चक्कर मारा.

• एअर फिल्टर वेळेवर बदला. धूळ म्हणजे इंजिनसाठी पॉलिश पेपरच.

• जोरात गाडी चालवल्यावर शेवटची दोन मिनिटं सावकाश चालवा, मगच चावी काढा.

यांतल्या बहुतेक गोष्टींना फारसे पैसे पडत नाहीत. लागतात ती दोन-चार मिनिटं आणि थोडा धीर. तिरुविडैमरुदूरच्या त्या थोरल्या भावालाही गाडी विकायची गरज नाही. सकाळी घरापासून त्रिभुवनमपर्यंत तिला सावकाश नेलं, वर्षाचं तेल वर्षाला बदललं आणि रविवारी घरच्यांना घेऊन तंजावरला बृहदीश्वराच्या दर्शनाला गेलं, तर त्याचं इंजिनही धाकट्याच्या तोडीनं टिकेल. रथ ओढणारी माणसं सुरुवातीला कधी हिसका देत नाहीत. दोर ताणतात, चाक हलेपर्यंत थांबतात आणि मगच चालू लागतात.